वडिलांकडची कोरी प्रत

मंगळ., ३ फेब्रु.
हॉस्पिटलात भाच्याला बघून आले. तीन आठवड्यांचा झाला, अजून दूध ओढत नाही. नळीनेच चाललंय. हात उचलून सोडला की तसाच पडतो. मिथायलेशनच्या, म्हणजे जनुकांवरच्या रासायनिक खुणांच्या, तपासणीला रक्त गेलंय. लॅबमध्ये उंदरांच्या पेशींत मी रोज हेच बघते, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. आई वहिनीसमोरच म्हणाली, "आमच्याकडे असं कुणाचं नाही हो." असा राग आला!

शुक्र., ६ फेब्रु.
रिपोर्ट आला. दादाने परस्पर वाचला, दिवसभर फोन उचलला नाही. संध्याकाळी परळला, लॅबच्या फाटकाशी उभा. "यात लिहिलंय, वडिलांकडचा पॅटर्न नाही. मीनल, खरं सांग. माझा नाही का तो?"
हबकलेच. तिथेच ओरडले त्याच्यावर. मग टपरीवर बसवून समजावलं. प्रत्येकात जनुकांच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. या एका जागी आईच्या प्रतीवर मिथाइलच्या खुणा असतात, म्हणून ती बंद. बापाची कोरी, तीच काम करते. बाळात ती कोरी दिसत नाही. एकतर तुझ्या प्रतीतला तेवढा तुकडा गळालाय, नाहीतर दोन्ही प्रती वहिनीच्याच आल्यात. निसर्गाची चूक, कुणाचा दोष नाही. मूल कुणाचं हे ही तपासणी सांगतच नाही, गाढवा! कारण शोधायला आता तुमचं दोघांचं रक्त लागेल.
"मग त्यात कळेल?"
"काय कळेल?"
चहा तसाच टाकून गेला.

सोम., ९ फेब्रु.
दादाने आपली शंका आईला सांगितली, आईने वहिनीला. आमच्या घरात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. ठाकूरद्वारला दादाकडे गेले तर वहिनी दुपट्यांच्या घड्या घालत होती. रडली नाही. म्हणाली, "बाळाचं आजारपण मी काढेन गं. याचं काय करू?" दादाची लाज वाटली, दयाही आली.

बुध., ११ फेब्रु.
रक्त द्यायला तिघं गेलो. दादाने दिलं. वहिनीचं नाव पुकारलं, ती उठेना.
"मंदार, हे रक्त बाळाच्या आजारासाठी की तुझ्या शंकेसाठी? तेवढं सांग, मग देते."
मला म्हणायचं होतं, वहिनी, आधी दे, भांडण नंतर. दादा दंडावरचा कापूस दाबून खाली बघत बसला. सिस्टरने पुन्हा नाव पुकारलं.