यंत्राला शिकवणार कोण?

११ जानेवारी
संपाला वर्ष होत आलं. मिलचा भोंगा बंद, रंगखातं बंद, लॅबमध्ये मी आणि मांजर. आज मॅनेजरसाहेबांनी (यापुढे मॅ.सा.) बोलावलं. कंपनीला रंगाची शेड जुळवणारा कॉम्प्युटर घ्यायचाय. "तुम्ही केमिस्ट ना? बघून या, घेण्यासारखा आहे का सांगा." मी! घरच्या ट्रान्झिस्टरचे सेल उलटे घालणारी.

१४ जाने.
यंत्र विकणाऱ्या एजंटचं ऑफिस गिरगावातच. फणसवाडीतून, घरूनच चालत गेले. यंत्र फ्रिजएवढं. कापडाचा तुकडा लावला की आतून उजेड पडतो, आकडे छापून येतात. तासभर हललेच नाही, शेवटी स्वतःचा पदर लावून पाहिला. पण त्याला आधी शिकवावं लागतं, कुठला रंग किती घातला की कुठली शेड. ते सगळं आमचे शेडमास्तर भिकूदादा यांच्या वहीत. ते संपावर. मॅ.सा. लगेच, "वही आणा."

१६ जाने.
लालबागला, दादांच्या खोलीवर. धाकधूक. वही कंपनीला मिळाली की दादांना परत बोलवायची गरजच काय? मला कळतं, त्यांनाही कळणारच. खरं ते सांगून टाकलं. चिडले नाहीत.
"त्या मशीनाक ट्यूबलायटीतला कळता काय गो? माका बघूचा आसा."
मिलच्या गेटात पाऊल टाकणार नाहीत. एजंटचं ऑफिस म्हणजे काही मिल नव्हे!

१९ जाने.
आले. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत दोन मोरपंखी तुकडे. यंत्र म्हणालं, शेड एकच. दादांनी तुकडे ट्यूबखाली धरले. एक चक्क हिरवा मारत होता.
"हिंदमाताच्या दुकानात बायका साडी ट्यूबलायटीत बघतत. ब्लाउजपीस वेगळो दिसलो की माल परत."
एजंटने उजेडाचं बटण ट्यूबलाइटवर फिरवलं. आता यंत्रही म्हणालं, वेगळे. दादांचं तोंड पडेल वाटलं. छे, केवढे खूश!
"विचारूचा लागता, पण कळता हो!" मग हळूच, "बाय, ह्या चालवूक कंपनीवाले माका शिकवतले?"
आणि वही माझ्या हातात.

२१ जाने.
रिपोर्ट दिला. यंत्र घ्यावं. 'चालवणारा' या रकान्यात छापलेलं 'सायन्स पदवीधर' खोडून लिहिलं: भिकूदादा, चौथी पास, यांच्याशिवाय घेऊ नये. मॅ.सा. म्हणाले, "बघू." वही ठेवून घेतली.
काय मूर्ख मी! आधी उत्तर घ्यायचं, मग वही. कोळीणसुद्धा भाव ठरल्याशिवाय पापलेट कापत नाही.

८ जून
यंत्र आलं. एसी खोलीत बसवलंय. वही टाइप होऊन आत गेलीसुद्धा. पहिली शेड जुळली तेव्हा टाळी वाजवली मी. लगेच लाज वाटली. रिपोर्टातल्या माझ्या अटीला अजून उत्तर नाही. दोनदा विचारलं, दोनदा "बघू".
संध्याकाळी गेटसमोर दादा.
"आला काय गो?"
"आलं."
"चांगला चलता?"
"चांगलं चालतं."
"मगे संप मिटलो की मी येव ना?"
उद्या विचारते म्हटलं. मॅ.सा. उद्याही "बघू" म्हणाले तर त्यांच्यासमोरच्या खुर्चीवरून उठायचं नाही, एवढं ठरवलंय.