कोंबड्यांचं ताट

३ मार्च

चि. बडबडीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या शिंपीणबाईंनी वाचून दाखवलं. चष्म्याच्या दुकानात तू दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेतेस. मलाही ती स्वच्छ दिसतात गं, फक्त ओळखीचं एकही निघत नाही. म्हणून मी बोलते आणि ही लिहिते, मधेमधे माझं बोलणं कापडासारखं कापते.

मी दिलेल्या तिन्ही कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या, काय घालू नि काय नको, असं विचारलंस. हिरवा पडलेला बटाटा नको, त्याची सालंही नकोत. कडधान्य कच्चं तर मुळीच नको, ते विषच; शिजवलेलं चालतं. बुरसलेला पाव, चॉकलेट, खारट काही, सगळं वर्ज्य. दाणे घाल, भाजीचे देठ घाल, कलिंगडाच्या साली घाल. अंड्यांची टरफलं कुटून घाल, सध्या विकतच्या अंड्यांची, काय करणार. पण तू त्यांना रोज घालतेस काय, ते खरं खरं कळव. नातजावई कोंबड्यांना नाक मुरडतात का, तेही लिही. गेल्या काही पत्रांत त्यांचं नावच नाही.

आठवण येत राहू दे, पत्र येत राहू दे.

तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कच्चं कडधान्य कधीच घातलेलं नाही. रात्रीचं शिजवलेलं सकाळी घालते. भात, भाजी, पाव, कधी माशाचा चांगला तुकडा. आंबलेलं-बुरसलेलं काही नाही. मी दार उघडायच्या आत तिघी जाळीशी येऊन उभ्या असतात. तपकिरी तर इतकी जाड झालीय की पायरी चढताना मधेच थांबते.

दुकानात नवीन यंत्र आलंय. मालक म्हणतात, डोळ्यांत पाणी असलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर काढू नये, चुकतो. बाकी इकडे सगळं ठीक.

घरमालकीण म्हणते, अंडी नाहीत तर कोंबड्या विकून टाक, अंगण घाण होतं. आजी, मला त्या विकायच्या नाहीत. कामावरून आलं की घरात आवाज असतो तो त्यांचाच. काहीतरी उपाय सांग.

तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी बडबडी

१८ मार्च

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा कोंबड्यांचं ऐकलं, दुसऱ्यांदा तुझं.

कोंबड्यांना चरबी चढलीय. माणसाचं तेलामिठाचं जेवण त्यांना सोसत नाही. ते बंद कर, अंडी येतील.

आता दुसरं. कोंबड्यांना जातं ते उरलंसुरलं. माशाचा चांगला तुकडा कोणाच्या घरी उरतो? तुझ्या आजोबांच्या ताटात काटासुद्धा उरत नसे. तू लिहिलंस ते उरलेलं नाही, ते वाढलेलं ताट आहे. रोज रात्री वाढतेस आणि सकाळी कोंबड्यांपुढे ठेवतेस. ज्यांचं ताट ते जेवायला कधीपासून येत नाहीत, एवढंच कळव. शिंपीण म्हणते, असं लिहू नका, लागेल तिला. मी म्हटलं, सुई टोचल्याशिवाय तुझं तरी काही शिवून होतं का? लिही.

माझ्या कोंबड्या मात्र काटक्या झाल्यात. माझ्या घरी उरतच नाही काही.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझी आजी

२६ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. थंडीच्या आधी तो बदलीच्या गावी गेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आधी दर शनिवारी यायचा, मग एक सोडून एक. मग त्याने कळवलं की आता येणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

मला एकटीपुरता भात लावता येत नाही गं, पाण्याचा अंदाज चुकतो. म्हणून दोघांचा लावायचे, आणि वाढल्यावर टाकवायचा नाही. काल पहिल्यांदा एकटीचा लावला. करपला. कोंबड्यांना नुसते दाणे आणि देठ दिले, तर तिघी माझ्याकडे सासूसारख्या बघत राहिल्या. तू हसावंस म्हणून हे लिहिलं.

तुझ्याशिवाय कोणाला लिहू.

तुझी बडबडी

२ एप्रिल

चि. बडबडीस आशीर्वाद. वि. वि.

हसले. शिंपीणबाई लिहिताना डोळे पुसताहेत. तिला म्हटलं, चष्म्याच्या दुकानातला नियम तुझ्याही धंद्यात, डोळ्यांतल्या पाण्याने टाका चुकतो.

एकटीचा भात माझाही होत नाही. तुझा करपतो, माझा कच्चा राहतो. आजोबा गेल्यापासून तसाच खाते. हे कोणाला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

माझ्या कोंबड्या शिंपिणीकडे दिल्यात. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने निघते. स्टेशनवर तूच ये, पाट्या माझ्याशी बोलत नाहीत. आईला काय सांगायचं ते मी आल्यावर बघू.

भात दोघींचा लाव. डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलंय, गोड बंद केलंय, आणि कडक ते मला चाववत नाही. म्हणजे तुझ्या कोंबड्यांचं आणि माझं पथ्य एकच, तुला वेगळं काही करायला नको.

कायमची काही राहणार नाही, घाबरू नकोस. पहिलं अंडं येईपर्यंत राहीन म्हणते. तपकिरीला सांग, घाई नाही.

तुझी आजी