खिडकीखालचा ओला मुरूम

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
खिडकीखालची दुसरी रोझमेरीही गेली. उपटली तर मुळं काळी, बोटांना चिकटणारी. कुजका वास. पाण्यानं मेली! ज्या गावात टँकरसाठी सकाळपासून हंडे रांगेला लागतात, तिथं माझी झाडं मरतात ती पाणी जास्त झालं म्हणून. हसावं की रडावं!

लावली तेव्हाच यांनी बजावलं होतं — "सत्यशीला, ही भूमध्य समुद्राकाठची झुडपं. खडकात वाढलेली. पाणी घालशील तर खबरदार!" विहिरीला पाणी लागलं नाही, पण दगड भरपूर निघाले. तेच यांनी दारात रचले, मधे मुरूम भरला, पुण्याहून रोपं आणली. वनस्पतिशास्त्राचे मास्तर ना! गाव म्हणालं, मास्तरांनी दारात दगडं पेरली. हेही हसले.

दिवाळीत यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता खिडकीशी कॉट आणि समोर ते दगड. एवढंच उरलंय.

११ फेब्रुवारी
तिच्या शेजारचं लॅव्हेंडर पिवळं पडलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
यांचा व्यायाम घ्यायला येणारी मोनिका पहिल्यापासून म्हणतेय, "काकू, पाण्याचं फुलपात्र त्यांच्या उजव्या हाताला, खिडकीतच ठेवत जा. हात आपण होऊन जाऊ दे." ठेवते बाई! हात कसला जातोय. मी ठेवीन तिथं पांघरुणावर पडलेला असतो. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, यायचं ते पहिल्या तीन महिन्यांत येतं. ते तर होऊन गेले.

फुलपात्र संध्याकाळी रिकामं असतं. आत्याबाई पाजत असतील. लेकच तो त्यांचा.

२ मार्च
लॅव्हेंडरही उपटून टाकलं. राहिलं एक सिस्टस, खिडकीच्या अगदी खाली. आणि त्याला कळ्या आल्यात! पांढरं फूल येतं म्हणाले होते, चुरगळलेल्या कागदासारखं, एकच दिवस टिकणारं. तेवढं एक यांना दिसावं. बाकी सगळ्याची आशा मी सोडलीय. खरंच सोडलीय.

९ मार्च
सिस्टसखालचा मुरूम ओला!! सकाळी कोरडा होता, मी हात लावून पाहिलेला.

तडक आत्याबाईंना धरलं. पेल्यात उरलेलं पाणी मोरीत टाकलेलं त्यांना खपत नाही, झाडाच्या बुडाशीच गेलं पाहिजे. या घराची रीतच ती, मीही त्यांच्याकडूनच शिकले.

"आत्याबाई, तुम्हीच ओतता ना?"

"तुळशीला वतते गं. तुज्या त्या दगडातल्या झाडाला न्हाई. भाकरीची आन!"

"मग काय दगडांना घाम फुटला?"

मी लई बोलले. नको ते बोलले. "लेकाची शेवटची हौस मारलीत तुम्ही," असंही म्हणाले. खिडकीतून यांना सगळं ऐकू जात होतं. आत्याबाई जेवल्या नाहीत.

१० मार्च
विजयमाला वन्सं आल्या आणि आईला जामखेडला घेऊन गेल्या. जाताना आत्याबाईंनी यांच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याकडं पाहिलं नाही. मीही थांबवलं नाही.

१३ मार्च
मुरूम परत ओला! आता तर घरात आम्ही दोघंच. फाटकाला कुलूप लावलं. कोण उठलंय माझ्या मुळावर?

१५ मार्च
सिस्टस गेलं. कळ्या न उमलताच माना टाकून बसल्या. यांच्या डोळ्यांदेखत उपटायचा धीर झाला नाही, तसंच राहू दिलंय. मोनिकाला कळवलं, उद्यापासून येऊ नकोस. कशाला उगीच! थकले मी.

१६ मार्च, रविवार
दुपारी धुणं वाळत घालताना सहज खिडकीकडं पाहिलं. उजवा हात पांघरुणावर नव्हता. गजांशी होता. लटपटत होता, पण बोटांनी फुलपात्र घट्ट धरलेलं — आणि पाणी हळूहळू त्या वाळक्या सिस्टसवर पडत होतं. मला "खबरदार" म्हणणारे हेच! ओतून झालं, फुलपात्र जागच्या जागी ठेवलं. सांडलं नाही.

ओला पदर हातात तसाच. जामखेडला फोन लावला.

"आत्याबाई, चुकले मी. घरी या. तुमच्या लेकाचा हात उठला."