चौदा दिवसांचा लॉग

४ मार्च २०२४, सोमवार

काय झालं, नोंदीपुरतं:
१. सकाळी १०.४० ला रक्तदाता मंडळाचा सर्व्हर बंद पडला.
२. बाहेरून कुणीतरी आत शिरायचा प्रयत्न करत होतं.
३. त्यावरचं टॉमकॅट ८.५, म्हणजे आमचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, जुनं आहे. ३१ मार्चनंतर त्याला दुरुस्त्या मिळणार नाहीत.
४. मी रीस्टार्ट केला. चालू झाला.
५. कुणाला सांगितलं नाही. गरज नव्हती.

संकल्प: दहा तारखेपर्यंत जुनी आवृत्ती काढायची.

११ मार्च, सोमवार

काढली नाही. कारण तांत्रिक आहे. शिवाय अक्का सकाळपासून फोनवर मोठ्याने बोलत होत्या, त्यात लक्ष कसं लागणार? अक्का रेल्वेतून रिटायर झाल्या आणि आमच्या फ्रीगंजच्या ऑफिसात दात्यांना फोन करायला बसतात. आज देवश्रीसाठी. ती नऊ वर्षांची, माधव नगरला राहते. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं, आणि तिला सगळ्यांचं चालत नाही. यादीत जुळणारे दाते अकरा.

नवी तारीख: २०. ही शेवटची.

१९ मार्च

केदारचा मेसेज. मंडळाची ही सगळी सिस्टीम त्याने बांधली, मग तो पुण्याला गेला. लिहितो, ‘सुना, पुराना हटा रही हो. पहले फोन करना, फोल्डर के बारे में कुछ बताना है.’ उत्तर दिलं नाही. त्याचा कोड मी वाचला आहे. बराचसा.

२० मार्च

नाही झालं. आता होळीनंतर. घाईत चुका होतात, आणि मी चुका करत नाही.

२८ मार्च, गुरुवार

लॉग तपासला. १५ ते २८ मार्च. शिबिराची नोंदणी: रोज वापर. दात्यांची यादी: शून्य वेळा उघडली. त्याआधीचे लॉग नाहीत, चौदा दिवसांपलीकडचे आपोआप पुसायला मीच लावलं आहे. जुने लॉग म्हणजे कचरा.

निष्कर्ष: यादी कुणी वापरत नाही. नव्या आवृत्तीवर फक्त शिबिराची नोंदणी नेणार.

अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी रोज थोडीच उघडते, वेळ आली की उघडते. तू ती बंद मत करना हं, बेटा.’ माणसं आठवणीवरून बोलतात, लॉग तारखेनिशी बोलतो. मशीनवर अक्कांनी चिकटवलेला कागद आहे, ‘कृपया बंद न करें’. पाण्याच्या कूलरवरही तोच आहे, आणि कूलर दोन वर्षं बंद आहे.

३० मार्च, रंगपंचमी

ऑफिसला सुट्टी. बाहेर ढोल, आत मी एकटी. आदर्श परिस्थिती. डेटाबेसचा बॅकअप घेतला. फाइलचा आकार योग्य वाटला. जुनं फोल्डर पुसलं, डिस्क फॉरमॅट केली. नवी आवृत्ती पहिल्या प्रयत्नात चालली. मुदतीच्या एक दिवस आधी.

सेक्रेटरी भय्यासाहेबांचा फोन. ‘सब ठीक ना?’ हो म्हटलं. कागद काढून टाकला.

१ एप्रिल, सोमवार, ९.५०

अक्का म्हणाल्या, यादी उघडत नाही. मी म्हटलं, आज तारीख कोणती आहे ते मला ठाऊक आहे, मी फसणाऱ्यांतली नाही. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, शुक्रवारी देवश्रीला चढवायचंय.

११ मार्चनंतर एकवीस दिवस, लॉग चौदाचा. मोजून पाहिलं. दोनदा.

दुपार

बॅकअप उघडला. शिबिरं आहेत. दाते नाहीत. केदारने यादी डेटाबेसमध्ये ठेवलीच नव्हती, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये साधी फाइल करून ठेवली होती. हे चुकीचं डिझाइन आहे. दोष त्याचा.

कागदी रजिस्टर गेल्या वर्षी मीच रद्दीत घातलं. माहिती एकाच जागी असावी म्हणून.

२ एप्रिल

डिस्कमधून काही परत आलं नाही. ब्लड बँकेत देवश्रीला जुळणारं रक्त आत्ता नाही. अक्कांना अकरातली तीन नावं आठवतात. एकाने फेब्रुवारीत दिलंय, त्याला इतक्यात चालणार नाही. एक गावाला. एकाचा नंबर बंद.

देवश्रीची आई येऊन बसली होती. म्हणाली, दोन दिवसांपासून पोर शाळेत बाकावरच झोपते. मग मला विचारलं, ‘आपने बस मशीन ही बदली है ना?’ मी हो म्हटलं.

अक्का आठवतील ती आडनावं पाठीमागच्या कॅलेंडरवर लिहीत होत्या.

३ एप्रिल, बुधवार

केदार फोन उचलत नाही. मीही त्याला केला नव्हता. मेसेजचे तीन मसुदे केले. पहिल्यात डिझाइनबद्दल परिच्छेद होता, काढला. दुसऱ्यात ‘आपल्याकडून’ होतं, ते ‘माझ्याकडून’ केलं. पाठवला तो असा:

केदार, दात्यांची यादी माझ्याकडून पुसली गेली. प्रत नाही. तू सांगणार होतास, मी विचारलं नाही. तुझ्याकडे कुठेही, कितीही जुनी प्रत असेल तर पाठव. देवश्रीला शुक्रवारी रक्त लागणार आहे आणि दात्याला आदल्या दिवशी कळवावं लागतं. नसेल तर तसंही सांग. उद्या, गुरुवार ४ एप्रिल, दुपारी बारापर्यंत उत्तर दे.
मृण्मयी