जहाज भरेपर्यंत

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाच्याला, आपल्या ढब्याला, तिकडे परदेशात नोकरीच्या गावी अटक झाली आहे. तेलाच्या कारखान्यात आग लागली. त्या पाळीला वेल्डिंगवर दोघंच होते, हा आणि याच्या खोलीतला सोबती. त्यांनी ती मुद्दाम लावली म्हणे. अरे, पाल दिसली तर खाटेवर चढणारं पोर ते!

तू परराष्ट्र खात्यात मोठ्या खुर्चीवर बसतोस. लहानपणी माझ्या पाठीवर बसायचास, ते आठव आणि काहीतरी कर. एक वार्ताहर दारात येऊन बसलाय. त्याला सगळं सांगू का?

लोभ आहे तो आता कामी येऊ दे.
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वार्ताहराला हात जोडून परत पाठव. आपलं निम्मं तेल त्यांच्याकडून येतं आणि नवा करार याच महिन्यात व्हायचाय. आमच्याकडे रीतच आहे: जहाज भरून निघेपर्यंत त्यांच्यापुढे कुठलंही गाऱ्हाणं काढायचं नाही. ते निघालं की मीच ढब्याचा विषय काढतो, शब्द देतो. तुझ्याच इस्पितळातल्या वॉर्डाचा जनरेटर डिझेलवाचून बंद पडतो ना? अडला हरी, तुला वेगळं काय सांगू.

वेळेवर जेवत जा. ढब्या आला की त्याच्या खोड्यांचं रडगाणं पुन्हा मलाच ऐकवशील.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दावर वार्ताहराला घालवून दिलं. बिचारा पुन्हा एकदा आला होता, तेव्हाही दार उघडलं नाही.

त्या सोबत्याची आई मात्र गप्प बसली नाही. तिचा देश तिथून थेंबभर तेल घेत नाही. त्यांच्या मंत्र्याने आरडाओरडा केला आणि पोरगा काल घरी पोचला. त्याने मला फोन केला. दोघांवर आरोप एकच होता, म्हणाला, आणि रडायला लागला.

आमच्या पंपावरची रांग संपली. म्हणजे जहाज आलंसुद्धा. तू विषय काढलास ना रे?

वाट पाहणारी,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

कोणत्या तोंडाने लिहू? जहाज निघालं, पण करारावर सह्या बाकी होत्या, म्हणून आणखी थांबलो. सह्या झाल्या त्याच सकाळी त्यांनी ढब्याची देहान्ताची शिक्षा उरकून टाकली होती. आम्हाला दुपारी कळवलं.

त्याची पेटी शुक्रवारी येईल. खात्याची विनंती आहे, ती मलाच लिहायला लावली: पेटी उघडू नये आणि कुणाशी बोलू नये. दुसरं जहाज भरतंय.

माया मागायचं तोंड राहिलं नाही,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. लिहिताना हात अडला, तरी लिहिते.

वॉर्डातले दिवे आता जात नाहीत. त्या उजेडात मी लोकांच्या लेकरांना सलाइन लावते आणि जीव नकोसा होतो. त्या लेकरांचा काय दोष, पण माझ्याच्याने वर बघवत नाही.

वार्ताहराला मी स्वतः बोलावलंय. पेटी मीच उघडणार. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या जखमा पुसल्या, माझ्या पोराच्या पाहायला खात्याला विचारू होय?

तुला यायचं तर मामा म्हणून ये, पेटीला खांदा दे. खात्याचा माणूस म्हणून येणार असशील, तर तिथेच बस, जहाज भरत.

लोभ तुटत नाही, हेच माझं दुर्दैव.
ताई