मठाच्या दारातली शेवंती

मंगळवार, २१ ऑक्टोबर

मठ विकायला काढला! आणि मला कळतंय कोणाकडून, तर एजंटकडून. इतकी वर्षं किल्ली माझ्या खुंटीला, आणि मालकीण मादाम रुवेलना एक फोन करवला नाही.

"गिऱ्हाइकं येतील तेव्हा खिडक्या उघडून ठेवा, आजी." आजी म्हणे! तुझी कुठली आजी मी.

जाहिरात वाचून दाखवली त्यानं. साधूंच्या जेवणघरात दिवाणखाना, प्रार्थनाघरात पियानो, शांत ग्रामीण निवास. "आणि मागची भाजीची बाग?" मी विचारलं. "तिथं पोहायचा तलाव होईल. झकास जागा आहे."

माझ्या कोबीवर तलाव! त्या भिंतीआड आधी माझी आई राबली, मग मी. बागेचा कागद कसला? रुवेल नवरा-बायकोनं हा पडका मठ घेतला, तेव्हा छपराला हात लावायच्या आधी नवरा, मस्य आंद्रे, येऊन म्हणाले होते, "बाग तुमचीच, फेर्नांद." झालं, तेवढंच.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

लियाँ शहराचं जोडपं आलं. कमानी बघून बाईनं तोंडावर हात ठेवला. हे घेणार! मी ओल सांगितली, उंदीर सांगितले. हसली मेली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सुचलं! मृतांच्या सणासाठी शेवंतीच्या दोन कुंड्या आणल्या होत्या, आमच्या ह्यांच्या, गास्तोंच्या थडग्यावर ठेवायला. आमच्याकडं शेवंती फक्त मेलेल्यांची. त्या उचलल्या आणि मठाच्या मोठ्या दाराशी मांडल्या — एक इकडं, एक तिकडं.

लियाँची बाई आज सासूला घेऊन आली. सासूनं गाडीबाहेर एक पाय टाकला, शेवंती बघितली, पाय परत आत. "या घरात कोणी गेलंय का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पण जिना फार उभा आहे."

म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली. गाडी वळली!

शेजारच्या इव्हेतला सांगितलं. "थडग्याची फुलं लोकांच्या दारात? फेर्नांद, नरकात तुला वेगळी खोली मिळणार बघ." "खिडकी असली म्हणजे झालं," मी म्हटलं. पोट दुखेस्तोवर हसलो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज डच जोडपं. "किती गोड फुलं!" म्हणत कुंड्यांशेजारी उभं राहून फोटो काढले! परक्या देशाच्या माणसांना काय कळतंय. आता कुंड्या तिथं ठेवून उपयोग नाही. उद्या आणते परत.

बुधवार, २९ ऑक्टोबर

उशीर झाला.

सकाळी गाडी वाजली म्हणून किल्ली घेऊन गेले. मादाम रुवेल! एकटी. दाराच्या पायरीवर बसलेली, दोन कुंड्यांच्या मधोमध.

"तुम्हाला कसं कळलं, फेर्नांद?"

"काय?"

"आंद्रे गेला ते. सप्टेंबरात, पॅरिसमध्ये. मी गावात कोणाला सांगितलंच नाही. सगळे भेटायला आले असते आणि मी कोसळले असते." मग माझा हात धरला. "इथलं एकेक तुळईचं लाकूड त्यानं हातानं घासलंय. त्याच्याशिवाय इथं राहवणार नाही म्हणून विकतेय. आणि तुम्ही फुलं ठेवलीत."

सगळ्या गावाला पुरून उरतं माझं तोंड.

"हो," एवढंच म्हटलं मी. एक शब्द. त्यापेक्षा जीभ गळून पडली असती तर बरं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

माझा खुबा मोडला होता तेव्हा कोबीला पाणी कोण घालत होतं? मस्य आंद्रे. अख्खा उन्हाळा.

इव्हेत म्हणते, "सांगून टाक खरं."

"काय सांगू? गिऱ्हाइकं पळवायला ठेवली होती म्हणून?"

"मग गप्प बस."

"तेच तर करतेय!"

शनिवार, १ नोव्हेंबर

सण. गास्तोंचं थडगं बोडकं. दुकानात शेवंतीची काडीही उरलेली नाही. मादामच्या पुढ्यातून त्या कुंड्या उचलणार कशा?

ती चर्चला माझ्या शेजारी बसली, माझ्या हातात हात घालून. बाहेर पडल्यावर सगळे तिच्याभोवती. ती प्रत्येकाला सांगत होती मी काय केलं ते. बेकरीवाली म्हणाली, "वरून काटेरी, पण मन बघा फेर्नांदचं!" इव्हेत आपल्या बुटांकडं बघत होती. मी कुठं बघू?

सोमवार, ३ नोव्हेंबर

सांगायला गेले. वाटेत शब्द जुळवले. तिनं सूप पुढं ठेवलं.

"मादाम, ती फुलं —"

"कळतंय मला. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. नाही मानत. खा."

खाल्लं. दुसरा वाडगाही संपवला. आणि घरी आले. निर्लज्ज!

रविवार, ९ नोव्हेंबर

डच लोक घ्यायला तयार होते, त्यांना नकार कळवला तिनं. मठ विकायचा नाही. "ज्या गावाला न सांगता कळतं, ते सोडून मी कुठं जाऊ?" म्हणाली. बाग माझीच राहिली. मादाम गुरुवारी कायमची राहायला येतेय. रोज सकाळची कॉफी माझ्याकडं घेणार म्हणे.