नारायणगावच्या भिंतीवरची मावशी

वारूळवाडी,
१४ मे २००६

ती. अमृतभाऊ यांस भिमाचा दंडवत. घोडेगावात तुम्ही आणि वहिनी ठीक असाल. मावशीची तब्येत तुम्हीच कळवा, कारण माझा फोन ती घेत नाही (परवा घेतला, पण नुसता श्वास ऐकवून ठेवून दिला).

तुम्ही विचारलंत, भिंती खराब करायचा हा नाद तुला लागला कुठून. थकलोय, तरी सांगतो. सुरुवात तुमच्याच घरात झाली. माझी आई गेल्यावर मावशीने मला पोटच्या पोरासारखं तुमच्याबरोबर वाढवलं. नागपंचमीला ती गेरूच्या भिंतीवर चुन्याने नाग काढायची आणि तिची पाठ वळली की मी नागांना मिशा काढायचो. (मार बसला. मिशा मात्र तिने पुसल्या नाहीत.) पुढे नवाबभाई पेंटरकडे अक्षरं शिकलो, तमाशाच्या राहुट्यांवरचे बोर्ड बघून डोळे काढायला शिकलो आणि रंग भडक कसा लावावा ते ट्रकच्या मागच्या फळ्यांवरून. मग जन्मभर विहिरींवर, गोठ्यांवर खतांच्या जाहिराती रंगवल्या. आता फ्लेक्स आलाय. आपला चहा पिऊन होईस्तोवर मशीन माणसाचं तोंड छापतं, तेही गोरं करून.

काम संपलं, डब्यांत रंग उरला. नारायणगावात बाजाराच्या मागे एक लांबलचक भिंत कोरी होती (म्हणजे पुरुषमंडळी तिथे आडोशाला उभी राहायची). कुणाला न विचारता तिच्यावर मावशी काढली. डोक्यावर पदर, हातात विळा आणि मी उशिरा घरी आल्यावर असते ती नजर. त्या नजरेपुढे एकही माणूस भिंतीशी उभा राहीना. गावाचं भलंच झालं.

घात केला खिळ्याने. तो भिंतीत आधीपासूनच होता, नेमका चित्राच्या डोक्यावर. समोर फुलं विकणारी लंकाबाई संध्याकाळी उरलेला हार त्याला अडकवून घरी जायला लागली. चित्राला हार दिसल्यावर जीपमधून जाणाऱ्यांनी काय समजायचं? मावशीची मंचरची चुलतबहीण कुशाबाई जीपभर माणसं आणि दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन आली, वारूळवाडीत आमच्या अंगणापासूनच गळा काढत. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि "कोन गेलं गं बाई?" म्हणत तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. कुशाबाईने डोळे पुसून पाहिलं आणि ती पायरीवरच बसली. "ठमे, आमी तर तुझ्यासाठीच आलोय," म्हणाली.

पाहुण्यांचा चहा मावशीनेच केला. टॉवेल-टोपी परत कशी न्यायची यावर बरीच चर्चा झाली, शेवटी ती मला दिली. माणसं गेल्यावर मावशी म्हणाली, "जित्या मानसाला हार घातलास. आता तुझ्या दारात पानी पेनार न्हाई." आणि त्याच संध्याकाळी जीपने तुमच्याकडे आली. हार मी घातला नव्हता, हे ऐकायलासुद्धा थांबली नाही.

भाऊ, मी दमलोय. घरात रागवायलाही कोणी नाही. पुढच्या रविवारी भिंतीला चुना फासतो. तिला तेवढं सांगा आणि परत पाठवा.

तुमचा
भिमा

ता. क. खिळा उपटला. आता लंकाबाईही माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक ता. क. चुना फासतो असं वर लिहिलंय खरं, पण हात उचलवत नाही. आजवर लोकांनी सांगितलं ते रंगवलं, हे एकच आपण होऊन काढलं. आणि मावशीने ते पाहिलेलंच नाही, नुसतं ऐकलंय. रविवारी डॉक्टरकडे न्यायचंय असं सांगून तिला आणा आणि जीप भिंतीसमोर थांबवा. बघून ती पूस म्हणाली तर पुसेन. मी चुन्याची बादली घेऊन तिथेच उभा असेन. बादली रिकामी असेल, हे तेवढं तिला सांगू नका.